मृणालचं घर पाहायला लायडनला

आमच्याकडे मुलगी पसंत पडली की पुढची पायरी म्हणजे घर पाहणं. मुलीकडची तीन-चार माणसं मुलाच्या गावी जातात, बैठकीत बसून हवापाण्याच्या गप्पा मारतात, आणि खरी चौकशी येता-जाता किराणा दुकानदाराकडे, पानठेल्यावर, शेजारच्या काकूंकडे करतात. मुलगा पितो का, सासू कशी आहे, घर स्वतःचं की किरायाचं. माझा धाकटा भाऊ प्रमोद या कामात आमच्या नात्यात पहिल्या नंबरचा. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्याने सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये काढली. कुठला काटा कधी हलतो हे बघत बसायची सवय घरं पाहतानाही सुटत नाही. त्याचा एक नियम आहे. पसंती ठरेपर्यंत त्या घरचा चहा घ्यायचा, पण जेवायचं नाही. जेवलं म्हणजे शब्द दिला.

तर या ऑक्टोबरात प्रमोद घर पाहायला गेला तो थेट नेदरलँड्समधल्या लायडन गावी. सोबत मी, त्याची थोरली बहीण, भूगोलाची निवृत्त मास्तरीण आणि या ब्लॉगची मालकीण. माझे चिखलदरा आणि ताडोबाचे लेख वाचणाऱ्यांनी जरा सावरून बसावं, या वेळी विमान आहे.

प्रकरण असं. प्रमोदची एकुलती एक मुलगी मृणाल तिकडे एम.ए. करायला गेली होती. विषय, वस्तुसंग्रहालयं आणि जुन्या वस्तूंचा इतिहास. आमच्या घरात शिकण्यावरून भांडण कधीच झालं नाही. आमचे बाबा छप्पन साली दीक्षाभूमीवरच्या त्या गर्दीत उभे होते, आणि पोरांनी शिकायचं म्हणजे शिकायचं हे त्यांनी आयुष्यभर आमच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं. भांडण झालं ते काय शिकायचं यावरून. प्रमोदला मुलगी इंजिनीअर हवी होती. कलाशाखेत स्कोप काय, हा प्रश्न त्याने तिला इतक्यांदा विचारला की शेवटी ती एवढंच म्हणाली, "पप्पा, आपल्या बैठकीत ज्यांचा फोटो आहे, ते परदेशात जाऊन इंजिनीअरिंग शिकले होते काय?" प्रमोद उठून गच्चीवर गेला. दुसऱ्या दिवशी पासपोर्टची चौकशी करून आला. पुढे सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि ती गेली.

आता एम.ए. झालं होतं, पदवीदानाचं बोलावणं आलं होतं, आणि पुढचा प्रश्न उभा होता. तिकडे शिकलेल्यांना शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला एक वर्ष राहू देतात. त्या परवान्यावर मृणालला, ती शिकताना दर शनिवारी जिथे फुकट काम करायची त्या छोट्या संग्रहालयात, वर्षभराचं काम मिळत होतं. इकडे नागपूरला, विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत प्रमोदचे ओळखीचे रामटेके भाऊ तिच्यासाठी जागा धरून बसले होते. ग्राहकांच्या तक्रारींना इंग्रजीत उत्तरं द्यायची, बस घरून नेणार, घरी आणून सोडणार. मृणालने संग्रहालयाला अजून हो म्हटलं नव्हतं. पप्पा येऊन बघतील, मग सांगते, असं तिने त्यांना कळवलं होतं. प्रमोदने जायची दोन तिकिटं काढली आणि यायची तीन. मला म्हणाला, "घर पाहून येऊ वं ताई. नाही पटलं तं पोरीले घेऊनच येऊ." पटलं तर काय, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता तयारीचं थोडं, कारण त्याबद्दल मला नेहमी निरोप येतात. व्हिसासाठी आम्ही मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले. अर्ज चांगला दोन-अडीच महिने आधी करा. मुलीने पाठवलेलं आमंत्रण, तिचं विद्यापीठाचं पत्र, आपला प्रवासाचा विमा, बँकेची कागदपत्रं, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, म्हणजे आपली संत्रा बर्फी घरीच राहते, हे मला ऐन वेळी कळलं आणि फार वाईट वाटलं. प्रमोदची बायको सुनंदा नर्स आहे. तिला रजा मिळाली नाही. एक बॅग मात्र तिने स्वतः भरली, स्वतः कुलूप लावलं आणि माझ्या हाती दिली, नवऱ्याच्या नाही.

नागपूर-दिल्ली, दिल्ली-ॲमस्टरडॅम. उतरल्यावर विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. तिकीट वेगळं काढायची गरज नाही, बँकेचं कार्ड खांबाला लावायचं, बीप वाजलं की चला, उतरल्यावर पुन्हा लावायचं की प्रवास संपला. फक्त प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. प्रमोदने एकाच कार्डावर आधी स्वतःला आणि मग मला आत घ्यायचा प्रयत्न केला, आणि मागे रांगेत उभ्या माणसाने शांतपणे सांगितलं की असं केलंत तर दोघांचा प्रवास सुरू होण्याआधीच संपेल. लायडन तिथून गाडीने पाव तासावर. खिडकीतून सपाट हिरवी जमीन, मध्ये मध्ये पाण्याच्या रेघा, आणि गाई. भूगोलात मी वर्षानुवर्षं शिकवलं की ही जमीन समुद्रापेक्षा खाली आहे. प्रत्यक्षात बघताना ते खरं वाटत नाही, मी काचेला नाक लावून समुद्र शोधत बसले होते.

मृणाल स्टेशनवर सायकल धरून उभी होती. केस कापलेले, गालांवर वाऱ्याची लाली. बापाला बघून ती पळत आली, आणि प्रमोद, जो नागपूरपासून बत्तीस प्रश्न पाठ करत आला होता, तो फक्त तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. मला रडू आलं. का येऊ नये?

आम्ही उतरलो ते तिने शोधलेल्या एका घराच्या वरच्या खोलीत. हॉटेलपेक्षा बरंच स्वस्त. घरमालकीण सत्तरीची, उंच, सरळसोट. दार उघडल्या उघडल्या तिने घराची माहिती दिली ती अशी: जिना शिडीसारखा उभा आहे, गेल्या वर्षी एक पाहुणा पडला. पहाटे हीटर ठोकल्यासारखा वाजतो. शेजारचा माणूस रविवारी बाजा वाजवतो आणि वाईट वाजवतो. किल्ली देऊन ती निघून गेली. प्रमोद माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या मते ती किराया कमी करणार होती, म्हणून एवढं सांगितलं. पण तिने एक पैसाही कमी केला नाही.

संध्याकाळी सुनंदाची बॅग उघडली. दोन किलो लाल तिखट. सावजी मसाल्याची पाकिटं. तूरडाळ, मूगवड्या, आंब्याच्या लोणच्याची बरणी प्लॅस्टिकमध्ये सात वेढे देऊन. खाली लोकरी मोज्यांचे जोड आणि दोन नवे स्वेटर. प्रमोद पलंगावर बसून हा सगळा बाजार बघत होता.

"आठ दिवसांत घरी येणाऱ्या पोरीले एवढं तिखट काहून?"

मृणाल छताकडे बघू लागली. मी म्हटलं, बायको तुझी आहे, तिलाच फोन कर. त्याने फोन उचलला आणि पुन्हा खिशात ठेवला. घरच्या मतदानात एक मत आधीच पडलेलं आहे, हे त्याला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाव पाहिलं. लायडन पायी फिरण्याजोगं आहे. कालवे, त्यावरचे छोटे पूल, मधूनच घरांच्या वर डोकं काढणारी पवनचक्की, आणि भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेल्या कविता, निरनिराळ्या भाषांतल्या. कुणी ओळखीची लिपी शोधत तासभर फिरू शकतं, मी फिरले. बुधवारी आणि शनिवारी कालव्याकाठी बाजार भरतो. तिथे या गावचं खास चीज मिळतं, त्यात चक्क जिरं असतं. जिरं बघून मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. गरम गरम पाकाचा वाफल दोन-तीन युरोत मिळतो, तो खाच. कच्चा मासा शेपटीला धरून खायचा प्रकार मी फक्त पाहिला.

प्रमोदला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला दिसली एक चिमणी. गावाच्या मध्ये, कालव्याला लागून, जुनं वीज केंद्र. तो तिथे इतका वेळ उभा राहिला की मृणालने मला डोळ्यांनी खुणावलं. कोळसा कुठे ठेवतात, राख कुठे जाते, त्याला काही दिसेना. मग तिने सांगितलं की ते गॅसवर चालतं. "म्हणूनच," तो म्हणाला, आणि पुढे निघाला. आपल्या खापरखेड्यात वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते, हे त्याच्या मनात आलं असणार.

आणि मग चौकशी सुरू झाली. मृणालला दुपारी काम होतं, म्हणून भाषांतर माझ्याकडे. पहिला बळी सायकल दुरुस्त करणारा. प्रमोदने मला विचारायला लावलं की इथे शिकणारी पोरं कशी आहेत. तो माणूस म्हणाला की इतिहास-बितिहास शिकणारे सगळ्यात मोडक्या सायकली आणतात, पण पैसे वेळेवर देतात. पुढे बेकरीतली मुलगी. तिने स्वतःच सांगितलं की ती कलेच्या इतिहासात पदवी घेतलेली आहे आणि गेलं वर्षभर पाव विकते आहे. हे ऐकून प्रमोदने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं भाषांतर नको. पण मुलगी बोलतच होती. आठवड्यातले दोन दिवस ती एका प्रकाशकाकडे चित्रांची कामं करते, ती वाढली की पाव सोडणार. नाही वाढली तर? तर अजून थोडे दिवस पाव, ती म्हणाली, आणि आमच्या पिशवीत एक जास्तीचा ठेवला. प्रमोदने तो पाव खोलीवर येईपर्यंत धरून ठेवला आणि मग मला दिला.

पदवीदान तिसऱ्या दिवशी. मी आपल्याकडच्यासारखा मांडव, पाहुणे, भाषणं डोळ्यांपुढे आणली होती. प्रत्यक्षात एक जुनी लाकडी खोली आणि मोजकी मुलं. प्रत्येकाला पुढे बोलावतात आणि त्याचे शिक्षक त्याच्याविषयी चार मिनिटं बोलतात. मृणालच्या बाई बोलायला उभ्या राहिल्या. प्रमोद मोबाइल उभा धरून चित्रण करत होता, मी त्याच्या कानात मराठी करत होते. बाई म्हणाल्या की मृणालचा प्रबंध उशिरा आला, दोनदा उशिरा आला, ती पुस्तकांपेक्षा माणसांना जास्त प्रश्न विचारते आणि मग सगळं एकाच प्रकरणात कोंबते. लोक हसले, मृणालही हसली. मग बाईंनी ती कुठे चांगली आहे तेही सांगितलं, पण ते प्रमोदपर्यंत पोचलंच नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "भर सभेत पोरीचं उणं काढलं. अन् हे हसून राहिली." मृणालने समजावलं की इकडे नुसतं कौतुक केलं तर लोकांना वाटतं बोलणाऱ्याला माहिती नाही. त्याला ते पटलं नाही.

तिथे तिच्या सोबतची मुलं भेटली. परदेशी कलाशाखा शिकायला निघालेल्या किंवा मुलांना पाठवायला निघालेल्या वाचकांसाठी हे जसं ऐकलं तसं सांगते. एक जण संग्रहालयांसाठी कानात ऐकायची माहिती लिहितो. एक मुलगी बँकेत तक्रार विभागात आहे, कारण तिथे नीट लिहिणारं माणूस हवं होतं. एक जण शाळेत शिकवायचा परवाना काढतोय. दोघं अजून शोधताहेत, आणि त्यातला एक हे सांगताना जमिनीकडे बघत होता. सगळ्यांनी एक गोष्ट मात्र सारखी सांगितली. डच भाषा पहिल्या वर्षापासून शिका. वर्गात इंग्रजी चालते म्हणून पुढेही चालेल असं समजू नका. मृणालने हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते मी पाहिलं.

चौथ्या दिवशी तूपबीप बघायला हेगला गेलो, लायडनहून गाडीने जवळच. तिथे सुरिनामहून आलेल्या लोकांची दुकानं आहेत. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा बिहारकडून जहाजाने सुरिनामला मजुरीला गेलेले, आणि नातवंडं इकडे आलेली. दुकानातला म्हातारा ज्या हिंदीत बोलला ती भोजपुरीच्या वळणाची, आणि प्रमोदची हिंदी सगळी नागपूरची. पण दोघांचं असं जमलं की मी बाजूला डाळीच्या पोत्यावर बसून घेतलं. त्याने सरळ सांगितलं, लडकी को इधर छोडना है कि नहीं, घर देखने आया हूं. म्हाताऱ्याला 'घर देखना' समजावून सांगावं लागलं नाही. त्याचा मुलगा इतिहास शिकला होता. तीन-चार वर्षं गोदामात खोकी उचलली, मग नगरपालिकेच्या दफ्तरखान्यात लागला, आता बरं आहे. त्या वर्षांत बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते, हेही त्याने सांगितलं. प्रमोदने विचारलं, चूक कुणाची. म्हातारा म्हणाला, "हमार." मग त्याने भेंडी तोलून दिली.

परतीच्या गाडीत प्रमोद भेंडीची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. लायडन यायच्या थोडं आधी म्हणाला, "ताई, पोरगी इथं राहिली तं मी घरी कोणाशी भांडू?" सुनंदाशी भांडायची त्याची हिंमत नाही.

पाचवा दिवस संग्रहालयाचा. हेच खरं पाहायचं घर. गावाबाहेर त्यांचं वस्तूंचं कोठार आहे, बसने वीस मिनिटं. मृणाल पुढे चालत होती आणि मागे वळून वळून बघत होती, लग्नाच्या मुलीसारखी म्हटलं तर ती मला मारेल. तिथल्या प्रमुख ॲन्के बाई, पन्नाशीच्या, कोपरं झिजलेला स्वेटर. त्यांनी आधी कोठार दाखवलं. थंड, कोरडं, फळ्यांवर फळ्या. एका खणात पितळी वस्तू होत्या, भारतातून कधीतरी आलेल्या. त्यातली एक त्यांच्याकडे वर्षानुवर्षं पूजेतलं उपकरण म्हणून नोंदलेली. मृणालने पहिल्याच आठवड्यात सांगितलं की हा शेवेचा सोऱ्या आहे. कुणाला पटेना, म्हणून तिने स्वतःच्या खोलीवरचा सोऱ्या आणला, त्यांच्या स्वयंपाकघरात बेसन मळलं आणि शेव पाडून दाखवली. ॲन्के बाई हे सांगताना अजूनही हसत होत्या. प्रमोद माझ्या कानाशी लागून म्हणाला, "यासाठी एम.ए. लागते?" मी म्हटलं, सोऱ्या ओळखायला लागत नाही. तो इथे कुणी आणला, कुणाच्या घरून आणला, विकत की तसाच उचलून, हे शोधायला लागतं, आणि ती तेच करते आहे.

मग दुपारचं जेवण. तिथे सगळे एका लांब टेबलाशी बसतात. पाव, चीज, काकड्या, आणि मोठ्या भांड्यात थंडगार ताक. हो, ताक. डच माणूस दुपारी ताक पितो, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. माझ्यापुढे बशी आली, प्रमोदपुढे आली. त्याने ती हाताने हलकेच सरकवली. पोट बरं नाही का, कुणीतरी विचारलं. दुसरं कुणी गरम पाणी घेऊन आलं. मृणालचा चेहरा पडला. टेबलावर तिला आणि मलाच माहीत होतं की त्याचं पोट ठणठणीत आहे. मीही मग पाव खाली ठेवला, भूक असूनही.

"ताई, विचार," तो म्हणाला, आणि मी विचारायला लागले. किती दिवस ठेवणार? ॲन्के बाईंनी चमचा खाली ठेवला. एक वर्ष. पगार? खोली आणि खाणं भागेल, शिल्लक पडणार नाही. वर्षानंतर? ते अनुदानावर अवलंबून आहे, वसंतात कळेल, आणि मला विचाराल तर मिळण्यापेक्षा न मिळण्याची शक्यता जास्त. आधी इथे काम केलेल्यांचं काय झालं? एक मोठ्या संग्रहालयात गेली, एक शिकवतो, एक आपल्या देशात परतली, एकाने हे क्षेत्रच सोडलं. पुढचं त्यांनी न विचारताच सांगितलं: मृणालचं डच कच्चं आहे, ती हळू लिहिते, आणि कुणाला नाही म्हणता येत नसल्यामुळे दुसऱ्यांची कामं करत बसते. वर या इमारतीच्या छताचं काम निघणार आहे, हिवाळ्यात इथे फार थंडी असेल.

मी एकेक वाक्य मराठीत करत होते आणि प्रमोदचा चेहरा बघत होते. या माणसाने आयुष्यभर लोकांची घरं पाहिली ती ही असली उणी शोधून काढायला. त्यासाठी पानठेल्यांवर तासन् तास उभा राहिला. इथे समोरची बाई सगळं आपणहून ओतत होती, आणि त्याच्या हाताला काही कामच उरलं नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, आणि हा प्रश्न पाठ केलेल्यांतला नव्हता, "मंग मी पोरीले इथं काहून ठेवू?"

ॲन्के बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, ते मी कसं सांगणार, ते तुम्ही तिला विचारायला हवं.

घर पाहायला गेलं की आम्ही गावभर सगळ्यांना विचारतो. मुलीला कुणी विचारत नाही. पाच दिवसांत आम्ही सायकलवाल्याला विचारलं, पाववालीला विचारलं, हेगच्या म्हाताऱ्याला विचारलं. प्रमोद खुर्चीत वळला. मृणालकडे बघून, सगळ्यांदेखत, पण आपल्या भाषेत म्हणाला, "सांग बाई."

मृणालने हातातला पाव खाली ठेवला. मग म्हणाली, "पप्पा, पुढं काय होईल मले माहीत नाही. पण सकाळी उठलं की इथं यावंसं वाटते. मिहानले मले जावं लागन, एवढंच."

टेबलाशी बसलेले लोक समजूतदारपणे पाव खात राहिले. प्रमोदने सरकवलेली बशी जवळ ओढली आणि मला म्हणाला, त्यायले म्हण, थोडं ताक द्या. मृणाल उठून बाहेर गेली ती डोळे धुऊनच आली. ॲन्के बाईंनी मला विचारलं की तुमच्या भावाचं पोट बरं झालं का. मी हो म्हटलं. तो तीन पाव खाऊन उठला.

परतीचं विमान तीन दिवसांनी. मधल्या जागेवर मृणालचं तिकीट होतं, ते रद्द करून काही मिळणार नव्हतं, म्हणून ती जागा तशीच रिकामी आली. प्रमोदने त्या जागेवर कोट ठेवला नाही, पाय पसरले नाहीत. हवाई सुंदरीने तिथलं पांघरूण उचललं तेव्हा मात्र त्याने ते परत मागून घेतलं. नागपूरला सुनंदा न्यायला आली होती. तिने विचारलं नाही की पोरगी कुठे आहे. तिने विचारलं, लोणचं सांडलं तर नाही.

मला लोक विचारतात, मुलीला किंवा मुलाला कलाशाखेत परदेशी पाठवावं का. आठ दिवस हिंडून मला जे दिसलं ते एवढं: काम मिळतं, पण पदवीच्या नावाचं मिळत नाही, आणि पहिलं बहुधा तुटपुंजं असतं. शिकतानाच कुठेतरी हात घालावा लागतो, मृणालने दोन वर्षं दर शनिवारी त्या कोठारात फुकट काम केलं होतं. भाषा लागते. धीर लागतो, मुलापेक्षा घरच्यांना जास्त. यापुढे काय, याचं उत्तर मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी माहीत नाही असंच दिलं, आणि त्यातले बरेच जण मजेत होते. हे कसं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. कळलं असं सांगितलं तर ते खोटं होईल.

गेल्या आठवड्यात प्रमोदला मिहानला जायचं होतं, रामटेकेंना नाही सांगायला. नकार फोनवर द्यायचा नसतो, समोर बसून द्यायचा असतो, म्हणून बेशाच्या घरून मला गाडीवर मागे बसवून घेऊन गेला. रामटेके भले माणूस. कॅन्टीनमध्ये चहा मागवला, रागावले नाहीत, पण त्यांना खरंच कळत नव्हतं. पोरगी किती वर्षांसाठी राहिली? एका. पगार? बेताचा. मग कायम करणार? बहुतेक नाही. पुढं स्कोप? प्रमोदने सांगितलं, कोणालेच माहीत नाही. तिचं डच कच्चं आहे, इमारतीचं छत गळकं आहे, थंडी वाईट आहे, हेही त्याने आपणहून सांगितलं. रामटेकेंनी चहाचा कप खाली ठेवला.

"मंग तुम्ही ठेवली काहून भाऊ?"

"मी ठेवणारा कोण," प्रमोद म्हणाला. "मी घर पाहाले गेल्तो. पोरगी तं तिथं कधीचीच नांदून राहिली होती."

एवढं बोलला आणि मग तो रडला, कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर, आणि मी त्याला रडू दिलं.